डाव्या हाताचे गव्हले

४ मार्च २००९, बुधवार. सकाळी सव्वासातला दूध. भगिनी मंडळाचा व्हिडिओवाला साडेदहाला आला, अकराला परत गेला. चित्रीकरण झाले नाही. कारण: मी. लोकरीचे कपडे उन्हात घालून पेटीत भरले. गव्हल्यांसाठी भिजवलेला रवा उरला, त्याच्या पुऱ्या केल्या. कडक झाल्या.

अहल्याबाई कोरान्ने यांनी पेन खाली ठेवलं आणि एवढंच पुन्हा वाचून पाहिलं. पंचावन्न वर्षं त्या रोज डायरी लिहीत होत्या. त्यात कुणाचं बारसं, कुणाचं दुखणं, कुठल्या तारखेला पंखा बिघडला, सगळं होतं. पण एखाद्या गोष्टीचं कारण म्हणून स्वतःला त्यांनी आजवर कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी ‘मी’च्या खाली रेघ मारली. रेघ सरळ आली.

झालं होतं ते असं. माधवनगरातल्या ‘शिप्रातीर भगिनी मंडळा’नं गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी एक सीडी काढायचं ठरवलं होतं. नव्या मुलींना येत नाहीत अशा जुन्या घरगुती गोष्टी त्या त्या बाईकडून करवून घ्यायच्या आणि चित्रित करायच्या. मंडळाच्या अध्यक्ष प्रतिभा, म्हणजे अहल्याबाईंची धाकटी नणंद. वळवटाचा विषय निघाला तेव्हा दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. लग्नाच्या रुखवतात ठेवायला, मुलीबरोबर डब्यात घालून द्यायला रव्याच्या घट्ट पिठाचे जे बारीक प्रकार हातानं वळतात, ते उज्जैनच्या मराठी घरांत गेली चाळीस वर्षं अहल्याबाईंकडूनच येत. तांदळाच्या दाण्याएवढे गव्हले, नखानं दाबून शिंपल्यासारख्या केलेल्या नखुल्या, फणीवर उमटवलेल्या फणोल्या. त्यांचा गव्हला गव्हल्याशेजारी ठेवला तर जुळे वाटत.

आणि ते सगळं त्या डाव्या हातानं वळत.

व्हिडिओवाल्यानं दिवे लावले, प्रतिभाबाई खुर्चीवर बसल्या, अहल्याबाईंनी पिठाची लहानशी गोळी डाव्या हातात घेतली आणि प्रतिभाबाई म्हणाल्या, “वहिनी, तेवढं उजव्या हातानं करता का?”

“का बरं?”

“अहो, लग्नाचं वळवट. शुभ कामाचं. एवढ्या बायका बघणार.”

“त्याच बायकांनी माझ्या गव्हल्यांची खीर खाल्लीय, वन्सं. कुणाचं पोट डावीकडे दुखल्याचं ऐकलं नाही मी.”

व्हिडिओवाला चांगल्या मनाचा माणूस. त्याला पुढे दोन घरी जायचं होतं. तो म्हणाला, “माताजी, पाँच मिनट की तो बात है. सीधे हाथ से कर दीजिए.”

“भैया, मेरा सीधा यही है.”

तो हसला, पण अहल्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि त्याला चहा करून दिला. चहा झाल्यावर त्यानं दिवे आवरले. प्रतिभाबाई जाताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या, “तुमच्यासारखं कुणाला जमत नाही म्हणून तुमच्याकडे आले. नाही तर मंडळातली सुलू करणार होती. तिचे गव्हले म्हणजे बोरं.”

“मग बोरांची सीडी काढा. मी माझी वेगळी करीन.”

“तुम्ही? कशानं?”

अहल्याबाईंनी दार लावलं आणि उरलेल्या रव्याच्या पुऱ्या करायला घेतल्या.

त्या हाताची गोष्ट लांबची होती. वडील रेल्वेत, म्हणून अहल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकली. तिथं पहिल्याच वर्षी सिस्टर बेनेडिक्टानं तिचं डावं मनगट निळ्या रिबिनीनं बाकाला बांधलं. सहा महिने. त्यातून उजव्या हाताला जे अक्षर आलं ते शाळेत पहिलं ठरलं, आणि अजूनही डायरीत तेच अक्षर होतं. घरी आईनं मात्र रिबीन वगैरे काही केलं नाही. वळवट शिकवायची वेळ आली तेव्हा बाकीच्या मुलींना तिनं शेजारी बसवलं आणि अहल्येला समोर. म्हणाली, “तू आरशात बघतेस असं समज आणि माझ्याबरोबर कर.” आईचा उजवा, तिचा डावा. दोन दिवसांत आलं. लग्न होऊन उज्जैनला आल्यावर सासूबाईंनी पहिल्याच पंगतीला सांगितलं, “वाढायचं उजव्यानं. आत काय करायचं ते कर.” तेव्हापासून डावा हात आत राहिला. यजमान शरच्चंद्र बँकेत होते, घरातल्या गोष्टींवर बोलणारे नव्हते. पण एकदा ऑफिसच्या कामानं कलकत्त्याला गेले तेव्हा डावखुऱ्यांची कात्री शोधून घेऊन आले आणि काही न बोलता शिवणाच्या डब्यात ठेवली. ते जाऊनही आता दहा वर्षं झाली होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी इंदूरला मुलाला, दिलीपला, फोन केला.

“मला लॅपटॉप घ्यायचाय. कॅमेऱ्याचा.”

“माझा जुना देतो ना, आई. पडूनच आहे.”

“त्यात कॅमेरा आहे?”

“नाही.”

“मग पडू दे तसाच.”

दिलीप शनिवारी आला. येताना त्याला वाटलं होतं, आईला आता अश्विनीशी आणि ईराशी समोरासमोर बोलायचं असेल. सून आणि नात, सगळ्यांकडे हल्ली तसं बोलतात. पण आईच्या हातात पिशवी होती, पिशवीत दुलईच्या कापडात गुंडाळलेला स्टीलचा छोटा डबा होता, आणि डायरीच्या मागच्या पानावर अकरा प्रश्न लिहिलेले होते.

टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीतलं पोरवालांचं दुकान. पोरवाल पन्नाशीचे, पूर्वी टाइपरायटर विकत, मग कॅल्क्युलेटर, आता हे. त्यांनी सगळ्यात चकचकीत लॅपटॉप पुढे केला. झाकणात बसवलेला कॅमेरा दाखवला.

“माताजी, एक दशमलव तीन मेगापिक्सल. अमेरिकावाले बच्चों से घर बैठे बात कीजिए.”

“बच्चे इंदौर में हैं. मुझे हाथ दिखाना है.”

पोरवालांचा चेहरा एकदम आदराचा झाला. “अच्छा, ज्योतिष का काम है?”

दिलीप दुसरीकडे बघायला लागला. अहल्याबाईंनी डबा उघडला, चिमूटभर गव्हले तळहातावर घेतले आणि कॅमेऱ्यापुढे धरले. पडद्यावर तळहात आला, आणि त्याच्यावर पांढरा धूर.

“ये जीरा है?” पोरवालांनी विचारलं.

“हेच तर,” अहल्याबाई मुलाला म्हणाल्या. “ह्यांच्या कॅमेऱ्याला तांदूळ, जिरं, गव्हला एकच. माणसाचं तोंड दिसतं, दाणा दिसत नाही.”

दुसरा लॅपटॉप. तोच धूर. तिसऱ्याचं चित्र जरा बरं, पण हात जवळ नेला की तेही फिसकटे. अहल्याबाई प्रत्येक वेळी प्रश्नासमोर खूण करत होत्या. चौथ्याला त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, “झाकणातला कॅमेरा माझ्या तोंडाकडे बघतो. माझे हात पाटावर असतात. झाकण खाली वाकवलं तर मला पडदा दिसणार नाही. असा कॅमेरा नाही का, जो वेगळा असतो? वायरीचा?”

होता. काचेभोवती फिरणारी कडी असलेला, गोट्यासारखा गोल. पोरवालांनी तो काउंटरवर ठेवून वायर जोडली. अहल्याबाईंनी गव्हले कागदावर पसरले, कडी डाव्या हाताच्या दोन बोटांनी हळूहळू फिरवली, आणि धुरातून एकेक दाणा वर आला. टोकाला निमुळता, मध्ये भरलेला. एकावर त्यांच्या बोटाची बारीक रेघसुद्धा होती.

पोरवाल वाकून बघत राहिले. “ये आपने हाथ से बनाया? एक-एक?”

“जी.”

“मेरी माँ भी बनाती थीं कुछ ऐसा,” ते म्हणाले, आणि मग दुकानदारासारखे सरळ उभे राहिले.

कॅमेरा ठरल्यावर लॅपटॉप निवडणं सोपं झालं. चकचकीत पडद्यात खिडकीचं प्रतिबिंब पडत होतं, तो बाद. एक सगळ्यात हलका होता, पण त्यावर चित्रीकरण सुरू केलं की हात अडखळत हलत. दिलीप म्हणाला याची मेमरी कमी आहे, तोही बाद. शेवटी जो घेतला तो दिसायला जड, काळा, सरकारी फायलीसारखा. दोन जीबी मेमरी, बॅटरी अडीच तास. पोरवाल म्हणाले, याला कुणी विचारत नाही. अहल्याबाई म्हणाल्या, “मला विचारायचंय.”

रविवारी सकाळी खटपट सुरू झाली. दिलीपनं पाटावर उशा रचल्या, उशांवर डबे, डब्यावर कॅमेरा, अहल्याबाईंच्या बरोबर समोर. पहिल्या चित्रात ट्यूबलाइटच्या काळ्या पट्ट्या वरून खाली सरकत होत्या, जणू कुणी हातांवरून पदर ओढून नेतंय. दिलीपला कारण सापडलं: कॅमेरा साठ हर्ट्झवर लावलेला होता, आपली वीज पन्नासची. आकडा बदलला, पट्ट्या गेल्या. मग त्यानं चित्र सगळ्यात मोठं केलं. हात सुंदर दिसले, पण दर सेकंदाला सात-आठच चित्रं येत होती आणि गव्हला वळणारी बोटं मध्येच नाहीशी होऊन दुसरीकडे उगवत.

“लहान कर,” अहल्याबाई म्हणाल्या.

“लहान म्हणजे सहाशे चाळीस. साधंच दिसेल, आई.”

“साधं दिसू दे. बोट कुठून कुठे गेलं ते दिसलं पाहिजे.”

लहान केलं. आता सेकंदाला तीस. तरी बोटांना शेपट्या येत होत्या. प्रकाश कमी पडला की हा कॅमेरा आपल्या मनानं सावकाश चालतो, हे कळायला तासभर गेला. मग पाट, उशा, डबे, सगळं उचलून गच्चीच्या दाराशी नेलं, आणि उजेडाचा जो ‘ऑटो’ होता तो काढून टाकला. पांढरं ताट काढून त्याजागी निळा पुठ्ठा ठेवला, म्हणजे पांढरा दाणा उठून दिसेल. अहल्याबाईंनी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली: पन्नास; लहान चित्र; ऑटो बंद; निळा पुठ्ठा; दहा ते साडेअकराचा उजेड.

मग त्यांनी वळायला घेतलं. समोर तीन कार्डं उभी केली होती, प्रत्येकावर सिस्टर बेनेडिक्टाच्या हाताखाली घोटलेल्या अक्षरात एकेक नाव: गव्हले, नखुल्या, फणोल्या. बारा मिनिटं त्या काही न बोलता वळत राहिल्या. दिलीपनं बटण दाबून बंद केलं आणि चित्रफीत लावली.

अहल्याबाई पुढे सरकल्या.

पडद्यावरची बाई उजव्या हातानं गव्हले वळत होती. सफाईनं, न चुकता, जसं वळायला सिस्टरनं, सासूबाईंनी, प्रतिभानं सांगितलं होतं तसं. अहल्याबाईंनी स्वतःच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला लागलेलं पीठ डाव्याच हाताला होतं.

“कार्डं उलटी आलीत,” दिलीप म्हणाला. “आरसा चालू राहिला. एवढी एक टिक काढायची, आई. पुन्हा घेऊ.”

“थांब. जरा चालू दे.”

चौऱ्याहत्तर वर्षांत त्यांनी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. ती पडद्यावरची बाई कुणाच्याही पंगतीत बसून वाढू शकली असती. तिला कुणी आत जा म्हटलं नसतं. अहल्याबाई सगळी बारा मिनिटं बघत होत्या, आणि तेवढ्यात दार वाजलं आणि प्रतिभाबाई आत आल्या. भावजय खरंच लॅपटॉप घेऊन बसलीय, ही बातमी माधवनगरात शनिवारीच पोचली होती.

त्यांनी उभ्याउभ्याच पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “अगंबाई. वहिनी, किती छान दिसतंय. शेवटी ऐकलंत ना?”

“ऐकलं नाही. ते उलटं आलंय.”

दिलीपनं आत्याला आरशाची टिक समजावली. प्रतिभाबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांना एकदम सगळं सोपं झालं. “मग राहू द्या की तसंच. तुम्हाला हात बदलायला नको, आम्हाला बोल नको. फक्त ती कार्डं काढा.”

“कार्डं काढली तर कुणाला कळेल काय चाललंय?”

“तर मग कार्डंच उलटी लिहा. म्हणजे त्यात सुलटी येतील.” त्या स्वतःच्याच युक्तीवर खूष झाल्या. “बघ रे दिलीप, जमेल ना असं?”

“जमेल,” अहल्याबाई म्हणाल्या. त्यांनी कोरं कार्ड घेतलं, पेन डाव्या हातात धरलं आणि उजवीकडून डावीकडे सरसर लिहीत गेल्या. दिलीपनं ते कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं. पडद्यावर सुबक, सुलटं आलं: गव्हले.

दोघंही बघत राहिले. दिलीप म्हणाला, “आई, हे तुला कधीपासून येतं?”

“रिबीन बांधायच्या आधीपासून. मला उलटं लिहिता येतं, वन्सं. उलटं दिसताही येतं, ते आत्ता पाहिलं. पण दोन्ही करणार नाही.”

“अहो, पण बिघडतं काय त्यात? हातानं तुम्हीच वळताय ना?”

“बिघडतं. या इथं, समोर बसा.” त्यांनी पिठाची गोळी नणंदेच्या हातात दिली. “लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दहा वर्षांच्या. माझ्या शेजारी बसून किती वेळा शिकायचा प्रयत्न केलात?”

“सोडून दिला मी तो नाद. तुमचे हात उलटे चालतात, बघून डोकं फिरतं.”

“शेजारी बसून फिरणारच. दिलीप, टिक काढ. आता बघा, वन्सं. हा माझा डावा हात, पडद्यावर कुठल्या बाजूला दिसतो? तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला. तो जिकडे जाईल तिकडे तुमचा न्या. आईनं मला असंच शिकवलं. उजव्या हाताच्या बाईला समोरून शिकवायचं तर डाव्या हाताची बाईच लागते. तुम्ही मला उजवी करून दाखवलंत तर बघणाऱ्या सगळ्यांचा घोटाळा होईल.”

प्रतिभाबाईंनी पडद्याकडे बघत पीठ चिमटीत धरलं. पहिला दाणा लांबला. दुसरा तुटला. तिसरा गव्हल्यासारखा दिसायला लागला तेव्हा त्यांनी तो पुठ्ठ्यावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

“मला पटतंय हो,” त्या म्हणाल्या. “पण मी एकटी नाही. कमिटीत सात जणी आहेत. त्यांना मी काय सांगू? डावा म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय?”

“हेच सांगा. जसं आहे तसं घ्या, नाही तर नका घेऊ.”

कमिटीनं घेतलं नाही. गुरुवारी निरोप आला. प्रतिभाबाई स्वतः आल्या नाहीत, फोन केला. आवाज ओशाळा होता. शुभ कार्याच्या सीडीत नको, असं चौघींचं मत पडलं. उलटं करून द्यायला तयार असाल तर अजून जागा ठेवलीय.

“मी डायरीत लिहून ठेवते,” अहल्याबाई म्हणाल्या. “चार विरुद्ध तीन. तिघी कोण होत्या?”

“एक मी,” प्रतिभाबाई म्हणाल्या.

अहल्याबाईंनी डायरी पुढे ओढली. मग म्हणाल्या, “तेही लिहिते.”

पाडव्याला, सत्तावीस तारखेला, मंडळाच्या सभागृहात पडदा लावून सीडी दाखवली जाणार होती. सुलूचे गव्हले त्यात होते. अहल्याबाई साडेनऊलाच पोचल्या. जरीची जांभळी साडी, एका हातात काळा लॅपटॉप, मागून दिलीप पाट घेऊन. सभागृहाच्या आत त्या गेल्याच नाहीत. बाहेरच्या व्हरांड्यात, जिथं सगळ्याजणी चपला काढतात, तिथं भिंतीशी त्यांनी पाट मांडला, पाटावर लॅपटॉप, त्याच्यापुढे ओल्या फडक्याखाली भिजवलेला रवा, आणि चित्रफीत लावली. कार्डं सुलटी होती. पहिल्या कार्डावर त्यांनी नवीन ओळ लिहिली होती: डाव्या हाताने वळलेले गव्हले.

चपला काढायला वाकलेली प्रत्येक बाई ते बघितल्याशिवाय आत जाऊ शकत नव्हती.

“हे काय मांडलंय अहल्याबाई, दुकान?” विरोधातल्या चौघींपैकी एकीनं विचारलं.

“शाळा.”

“डाव्या हातानं शुभकार्याचं शिकवायचं म्हणजे...”

“शिकायचं तुम्ही उजव्यानंच. मी तुमचा हात सोडवायला नाही आले. माझा सोडवायला आलेय.”

त्या बाई आत निघून गेल्या. दोन सुना मात्र मागे राहिल्या. एकीनं चष्मा वर करून पडद्याशी डोळे नेले, मग मांडी घातली. “सच में, आंटी, हे तर सोपं आहे,” ती म्हणाली; ती माहेरची मालवीय ब्राह्मण, लग्नानंतर मराठी शिकलेली. तिच्याशेजारी दुसरी बसली. आत भाषण सुरू झालं. चित्रफीत बारा मिनिटांची, संपली की अहल्याबाई पुन्हा लावत. तिसऱ्यांदा लागली तेव्हा पाटाभोवती नऊ जणी होत्या. त्यांच्यात एक लहान मुलगी होती, तिनं पीठ डाव्या हातात घेतलं होतं. तिची आई सवयीनं तो हात धरायला गेली, तिनं अहल्याबाईंकडे पाहिलं, आणि धरला नाही.

“तू माझ्या शेजारी बस,” अहल्याबाई त्या मुलीला म्हणाल्या. “तुला पडदा नको.”

आतून प्रतिभाबाई बाहेर आल्या. कमिटीच्या बायका दारातून बघत होत्या, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी चपलांच्या ढिगातून वाट काढली, पाटाशी आल्या आणि त्या सगळ्यांसमोर खाली बसल्या.

“सरका गं जरा,” त्या म्हणाल्या. “वहिनी, पहिल्यापासून लावा.”

त्या दिवशी संध्याकाळी अहल्याबाईंनी डायरीत सगळं क्रमानं लिहिलं: किती वाजता पोचले, कोण कोण बसलं, चित्रफीत किती वेळा लावली, त्या मुलीचं नाव. शेवटी लिहिलं: रवा संपला. उद्यासाठी मटकी भिजत घातली.